क्रमांक चारच्या वाक्याने गेलेली संमती

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
ज्ञानतुला शिक्षण मंडळ, मुख्य कार्यालय, लातूर.

अर्जदार : माणिकप्पा चंद्रप्पा खानापुरे, वरिष्ठ लिपिक, मंडळाचे कन्या वसतिगृह, किनवट, जि. नांदेड.

विषय : क्रमांक चारच्या इंग्रजी वाक्याने गेलेली संमती रद्द करून वसतिगृह १६ जूनपूर्वी उघडण्याबाबत.

संदर्भ : वसतिगृहाची किल्ली जमा करण्याविषयी आपला दि. १५ मे २०२५ चा मेल. (उत्तराची मुदत दोन तास. अर्जदारास चार दिवस लागले.)

महोदया,

१. अर्जदार सव्वीस वर्षे या वसतिगृहाचा पत्रव्यवहार सांभाळून आहे. टाकीत पाल मेली तर ‘टाकीत पाल मेली’ असे तो मराठीत लिहीत असे आणि चौथ्या दिवशी लातूरहून माणूस येत असे. या पद्धतीत काही उणे आहे, असे मुख्य कार्यालयास गेल्या वर्षी प्रथमच वाटले.

२. जानेवारी २०२४ मध्ये लातूर येथे ‘दैनंदिन कार्यालयीन इंग्रजी’ हे तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. प्रशिक्षक अंबरीश सर यांनी प्रत्येकास अकरा वाक्यांचे लॅमिनेट केलेले कार्ड दिले. कोणताही मेल येवो, दोन तासांच्या आत अकरांपैकी एक वाक्य गेलेच पाहिजे. न गेल्यास नावापुढे लाल शेरा. अर्जदाराने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि नकार द्यायचा झाल्यास कोणते वाक्य, असे विचारले. सर हसून म्हणाले, ‘काका, ऑफिसच्या इंग्रजीत नाही म्हणत नसतात.’ तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

३. अर्जदाराने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कंबर कसली. कार्ड टेबलावर चिकटवले. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर मिळते. मेल आला की तो शिडी चढून वाक्य मोठ्याने म्हणत पाठवू लागला. मराठी पत्रे बंद झाली, कारण अकरा वाक्यांत पालीची सोय नव्हती. मुलींना ती वाक्ये ऐकून ऐकून पाठ झाली. नववीतली तारामती तर अर्जदाराचे उच्चार सुधारून देई. डिसेंबरात ‘तत्पर प्रतिसाद’ हे प्रमाणपत्र आले, तेव्हा स्वयंपाकीण नागम्मा हिने सर्वांना शिरा केला. आज त्या शिऱ्याची आठवण झाली तरी अर्जदारास मेल्याहून मेल्यासारखे होते.

४. दि. ११ मार्चचा आपला मेल दोन पानी होता. वसतिगृह सत्रअखेर बंद. अडतीस मुलींची सोय चाकूरच्या वसतिगृहात. हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावी. अर्जदाराने शब्दकोश घेऊन तो वाचला आणि त्यास तो पुरता समजला. समजला नाही, अशी सबब तो सांगत नाही. परंतु दोन तासांचा नियम डोक्यावर होता. अर्जदाराची उभ्या नोकरीतली रीत अशी की, आलेल्या कागदावर आधी आवकचा शिक्का मारावा, मग विचार करून उत्तर लिहावे. शिक्का म्हणजे कागद पोचला. कागदातले पटले, असा त्याचा अर्थ निजामाच्या अमदानीतही कोणी लावला नसेल. मेलला शिक्का मारता येत नाही, म्हणून अर्जदाराने शिक्क्याच्या जागी शिडीवरून क्रमांक चार पाठवला : ‘नोटेड विथ थँक्स. वुई अशुअर यू ऑफ अवर फुल को-ऑपरेशन.’ मग खाली उतरून सात पानी हरकत मराठीत लिहिली. त्यात अडतीस मुलींची गावे आणि प्रत्येक गावापासून चाकूरचे अंतर मांडले. दुसऱ्याच दिवशी ती रजिस्टर पोस्टाने पाठवली.

५. हरकत न फोडता परत आली. पाकिटावर शेरा होता की पत्रव्यवहार मेलने व इंग्रजीतच करावा. क्रमांक चार मात्र छापून, खाली अर्जदाराचे नाव घालून, ‘स्थानिक कार्यालयाची संमती’ म्हणून फाइलला लागला.

६. दि. २६ एप्रिलच्या पालकसभेत तोच कागद भिंतीवर लावण्यात आला. किनवटहून चाकूर म्हणजे नांदेडला एसटी बदलून अख्खा दिवस. पोरीला ताप आला तर बापाने पोचावे कधी? पाच पालकांनी होकार दिला. बाकी तेहतीस मुलींनी पेट्या भरल्या. तारामतीने भिंतीवरचा कागद दोनदा वाचला आणि अर्जदारापाशी येऊन विचारले, ‘काका, चार नंबरचं पाठवलाव का?’ अर्जदार म्हणाला, ‘हाव.’ शिक्का काय, आवक काय, हे समजावून सांगायला त्याने तोंड उघडले. पण तिची पेटी जड होती आणि वडील फाटकात उभे होते. तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे. यंदा तिची दहावी.

७. आता आपण किल्ली मागितली आहे. दोन तास टळून गेले, अर्जदार शिडी चढला नाही. हा अर्ज हेच त्या मेलचे उत्तर समजावे.

८. सबब विनंती की, सदर संमती रद्द करावी, हरकतीचे पाकीट फोडून सातही पाने वाचावीत आणि वसतिगृह १६ जूनपूर्वी, म्हणजे शाळा सुरू होण्याआधी, उघडावे. चूक अर्जदाराची आहे. त्याची बदली करा, लाल शेऱ्यांनी पान भरा, तो हूं की चूं करणार नाही. पण त्याच्या नावावर तेहतीस पोरींची शाळा तोडू नका. तसेच या अर्जास कार्डावरच्या वाक्याने उत्तर पाठवू नये. तारामतीस ती अकराही वाक्ये पाठ आहेत, आणि अर्जदारास तिला तोंड दाखवायचे आहे.

आपला, आजवर नम्र,

(सही)
माणिकप्पा चंद्रप्पा खानापुरे
किनवट, दि. १९ मे २०२५

सोबत :
१) अकरा वाक्यांचे कार्ड, टेबलावरून खरवडून काढलेले. एक कोपरा फाटला आहे.
२) ‘तत्पर प्रतिसाद’ प्रमाणपत्र, परत.
३) दि. १२ मार्चची हरकत, पाकीट अद्याप न फोडलेले.
४) वसतिगृहाची किल्ली : जोडलेली नाही. देणार नाही.