खिडकीतून टाकलेला रुमाल

श्रीरामपूर, ३ जून २०२५

प्रिय दीपा,
सप्रेम सलाम, अ. आ.

शनिवारी शाळा सुटली की कोल्हारच्या एसटीला ही झुंबड! मी खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचे, तू गर्दीतून घुसून त्यावर बसायचीस. एकदा एका फेटेवाल्या बाबांनी दटावलं, तरी मी आत येईपर्यंत तू हलली नाहीस.

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहिते. आता केमो नको. गाठ हटणार नाही, हे तुमच्या पुण्याच्याच डॉक्टरांनी सांगितलंय. मी इथल्या हॉस्पिटलात मेट्रन असताना भांडून उघडलेली कोपऱ्यातली खोली आठवते? बरे न होणाऱ्यांचं निदान दुखणं थांबावं, म्हणून. विश्वस्तांना तिथे मशिनी बसवायच्या आहेत. स्टाफही त्यांच्याच बाजूचा. वॉर्डबॉय तिला ‘शेवटचा स्टॉप’ म्हणतात. नर्सांना मॉर्फिनची भीती, सवय लागेल म्हणे. मरणाऱ्याला कसली सवय गं? डॉ. नितीन तर राउंडला दारावरूनच वळतो. आत गेलं की हरल्यासारखं वाटतं म्हणतो. पेशंट पाठवायचे नाहीत आणि खोली रिकामी म्हणून बंद करायची, असा बेत आहे. उद्या मीच तिथे ॲडमिट होते. उठवा म्हणावं!

राग धर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी, मोनाताई

पुणे, ९ जून

ती. मोनाताईस,
सा. सलाम.

हे आजारपण आहे की उपोषण? तुझा भाचा तुषार गाडी घेऊन येतोय, मुकाट्याने बस. त्या दिवशी एसटीत मी हलले नाही, कारण मागून तू येणार होतीस. तू कुणासाठी जागा धरून बसलीयेस?

चिडलेली, तरी तुझीच,
दीपा

श्रीरामपूर, २१ जून

प्रिय दीपा,
सप्रेम सलाम, अ. आ.

तुषार आला, डबा खाल्ला, माझा पापा घेऊन एकटाच परत गेला. गुणी आहे. एक विश्वस्त फुलं घेऊन आले आणि घरी कधी जाणार, असं गोड विचारलं. मी सांगितलं, इथूनच परस्पर जाईन.

मेट्रनला टाळायचं कसं? नितीनला आत यावंच लागलं. पहिल्या दिवशी उभाच होता. आता स्टुलावर बसतो, माझा चहाही पितो. परवा त्याने आपणहून भागूबाईला इथे हलवलं. पाथर्डीकडची ऊसतोड करणारी बाई, जनरल वॉर्डात कण्हत पडली होती, तिला घरी न्या म्हणून सांगून झालं होतं. सकाळी म्हणाली, लई दिसांनी डोळा लागला, बाई. नितीन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर ही भागूबाई, आणि तिच्या मागून येणारे.

आता नीट वाच. शिलाई मशीन रात्रपाळीच्या चांगुणा सिस्टरला. आपल्या बाबांचं पवित्र शास्त्र तुषारला. खिडकीजवळची माझी खाट भागूबाईला. तिथून तिला रस्ता दिसेल. स्टूल नितीनचं, ते कुणी हलवायचं नाही.

रुमाल तुला. मी गेले की ये, भागूबाईच्या रिकाम्या झालेल्या खाटेवर तो टाक आणि वर बस. पुढचा पेशंट येईपर्यंत कुणीही दटावलं तरी उठू नकोस.

तुझी, मोनाताई