बोरिवलीचा कोन

अहो, त्या रविवारी सकाळी मी गच्चीवर गव्हाला ऊन दाखवत होते आणि तुम्ही मरोळच्या वर्कशॉपमधून वेल्डिंग करून आणलेला दुर्बिणीचा स्टँड खांद्यावरून वर आणलात. "हा तिरका दांडा ध्रुवाकडे रोखायचा, मग ही चकती हळूहळू फिरवली की तारा भिंगातून निसटत नाही." मी म्हटलं, "दांड्याचा कोन पक्का कशाला केलात? हलता ठेवायचा ना." तुम्ही म्हणालात, "जेवढे गावाचे अक्षांश, तेवढाच दांड्याचा कोन. बोरिवली सोडून कुठे जाणार आहोत आपण?"

संध्याकाळी दांडा रोखून झाल्यावर तुम्ही स्टँडच्या तिन्ही पायांभोवती लाल ऑइलपेंटने गोल काढलेत आणि मला म्हणालात, "लग्नात भटजींना 'ध्रुव दिसला' म्हणाली होतीस ना? दाखव आता." भरदुपारचं आपलं लग्न, भटजींनी हॉलच्या पंख्याकडे बोट केलं होतं. तुम्ही हसत माझी हनुवटी धरून तोंड टाकीकडे वळवलंत. टाकीच्या जरासा वर, मिणमिणता. तेवढाच.

तुम्ही गेलात तेव्हा पोरगी आठवीत होती. मी तुमची पुस्तकं एकेक करून वाचत गेले, न कळलेलं पुन्हा वाचत गेले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एकटी नाही म्हणते. "काकू, गळतंय तुमच्याच स्वयंपाकघरात," सेक्रेटरी हात जोडतो. मी पातेली लावते, पण ते तीन लाल गोल कुणाला झाकू देत नाही.

लेक आता ऑस्ट्रेलियात असते. यंदा जाताना बॅगेतल्या साड्या काढून तिने स्टँडचं वरचं डोकं, दांडा आणि चकतीसकट, नेलं. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अंधार पडलेला, इथे मी दुपारचं आवरत होते.

"आई, इथे ध्रुवच दिसत नाही गं. बाबांचा दांडा कशावर रोखू? जाऊ दे, मी नवा स्टँड घेते. हा राहील गॅरेजमध्ये."

माझा हात ओट्यावरच थांबला. "तुझं गाव विषुववृत्ताच्या खाली किती अंश?"

"एकोणीस."

"बोरिवली वर एकोणीस. कोन तोच आहे, बाळा. नुसतं तोंड दक्षिणेकडे फिरव. चार ताऱ्यांचा क्रूस दिसतो ना? त्याची लांब रेघ तशीच पुढे ने, साडेचारपट."

"नेली. तिथे काहीच नाही, आई. रिकामी जागा आहे."

"असू दे. तिथेच रोख. आणि चकती उलटी फिरव, तिकडचं आकाश त्या रिकाम्या जागेभोवती उलटं फिरतं."

फोनवर चकतीची करकर ऐकू आली. मग ओरडलीच, "थांबला गं! तारा थांबला! बाबांचं डोकं झकास चालतंय!" आणि रडायला लागली. फोन भिंगाला लावून म्हणाली, "दिसतोय का तुला?"

फोनवर नुसता काळोख होता. मी म्हटलं, "दिसला."

हे फक्त तुम्हाला सांगते आहे, आणि तेही पाठवता न येणाऱ्या पत्रात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन सेक्रेटरीला सांगितलं, गच्चीचं काम सुरू करा.