साक्षीदाराचा 'पण'

रविवार संध्याकाळ, डिसेंबर २००७

सिंगापूरहून परतून आठ दिवस झाले, तरी देशपांडे साहेबांचा तो 'पण' कानातून जात नाही.

पुलाला उशीर का झाला, हा तिथल्या लवादापुढचा वाद. मी परदेशी कंपनीची वकील, ते इथल्या ठेकेदाराचे निवृत्त इंजिनिअर. पुरामुळे काम थांबल्याची नोंद त्यांच्या साइटवरच्या वहीत होती. ती वही रोजच्या रोज नव्हे, तर नंतर एकाच बैठकीत लिहिलेली आहे, हे मी उलटतपासणीत त्यांच्याच तोंडून वदवलं. ते 'पण' म्हणाले. मी म्हटलं, फक्त हो की नाही सांगा. दुपारी ते एका टेबलावर एकटे जेवले, मी दुसऱ्या. तिथे मराठी येणारे आम्ही दोघंच, आणि साक्ष संपेपर्यंत साक्षीदाराशी बोलायचं नाही.

आज मार्केट यार्डात मी शेवंती घेत असताना ते समोर आले.

"काय मॅडम, आता बोललं तर चालतं ना?"

मी नुसती हसले.

"पहिली वही पुरात गेली हो. म्हणून दुसरी लिहिली. तुम्ही ते विचारलंच नाहीत."

विचारायला हवं होतं का? ते काम त्यांच्या वकिलाचं होतं. मग तो 'पण' मला का टोचतोय?

निकाल यायचाय, म्हणून मी गप्प राहिले. चहा घेऊ या का, एवढंही विचारलं नाही. "बरंय," म्हणून ते गेले.

परतल्यापासून कामाखेरीज माझ्याशी बोललेलं माणूस ते एकच.