फोटोतलं वजन

३ सप्टेंबर, मंगळवार

बंद! तीस तारखेला लॅबला कुलूप. साहेबांनी उभ्या उभ्याच सांगितलं, खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत. चोवीस वर्षं मी इथे वजनं तपासते. दुकानांची, सोनारांची, औषध कंपन्यांची. आणि माझा निकाल दोन मिनिटांत लागला.

मी चिमट्याकडे पाहिलं. खरं नाव वेगळं, पण खिशात पेनाच्या जागी कायम चिमटा, म्हणून सगळे चिमटाच म्हणतात. (तोंडावर मी अहो-जाहो करते. वहीत अरे-तुरे.) वजनाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागतं आणि वजन चुकतं – हे मला पहिल्या दिवशी त्यानेच शिकवलं होतं. मी विसरून एकदा बोट लावलं तर हातावर फटका मारला होता, खरोखरचा!

तो म्हणाला, "बाई, आधी चहा घेऊ."

मी एकावन्न वर्षांची. मला दुसरं काय येतं?

४ सप्टेंबर, बुधवार

भाचीने रात्रीचं जेवण होताच माझा फोन काढून घेतला. शिकायला माझ्याकडे राहते, पण घरात शिकवते तीच. "मावशी, नोकरदारांची ती साइट आहे ना, तिथे तुझं पान नाही? म्हणजे तू नाहीसच!"

ऐकून धक्काच बसला. चोवीस वर्षं आहे की मी!

पान केलं. फोटोसाठी मी लग्नातला निवडला, साडी छान होती. भाची किंचाळली. शेजारी कापलेल्या वन्संचा अर्धा खांदा दिसत होता. शेवटी भिंतीला पाठ लावून नवा काढला. त्यात मी पासपोर्ट हरवल्यासारखी दिसते.

५ सप्टेंबर, गुरुवार

अरे देवा.

साइटने विचारलं, ओळखीच्यांना बोलवायचं का? मी म्हटलं, हो. तर फोनमधल्या सगळ्यांना आमंत्रण गेलं! नळवाला, दाताचा डॉक्टर, भाचीचे शाळेतले मास्तर. आणि तो! ज्याला मी सव्वीस वर्षांपूर्वी नकार दिला तो! त्याचा नंबर माझ्याकडे का आहे, हेच मला माहीत नाही. (माहीत आहे.)

त्याने चार मिनिटांत स्वीकारलं. वर लिहिलं, "उशीर झाला, पण आनंद झाला."

मी फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

चिमटा आजच गेला. तीस तारखेपर्यंत थांबला नाही. म्हणाला, "गुडघे बोलायला लागलेत बाई. आता घरी बसणार, झाडांना पाणी घालणार." जाताना खिशातला चिमटा काढला, रुमालाने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "तुम्हाला लागेल. मला आता काय करायचाय?"

मी त्याच्यासमोर रडले नाही. नंतर साठवणीच्या खोलीत जाऊन रडले.

त्याला मी परवाच मोठ्या लॅबमधल्या जागेबद्दल सांगितलं होतं. शहरात आमच्या कामाची दुसरी एकच लॅब, आणि तिथे एकच जागा. "अर्ज करतेय" म्हटल्यावर खिशातला चिमटा काढला, पुन्हा खिशात ठेवला. मग म्हणाला, "कराच."

८ सप्टेंबर, रविवार

भाचीचे नियम. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात नोकरी मागायची नाही. दुसऱ्याचं पान सारखं उघडून बघायचं नाही, कारण त्याला कळतं! (मी मोठ्या लॅबच्या संचालिकाबाईंचं पान अकरा वेळा उघडलं होतं. मला वाटलं, खिडकीतून बघण्यासारखं असेल. कोणाला कळतंय! कळतं!! तोंडचं पाणी पळालं.) कोणाशी वाद घालायचा नाही. आणि रोज काहीतरी टाकायचं, लोकांना 'अरे बापरे' वाटेल असं.

मग मी टाकलं – केळं हे शास्त्राच्या हिशेबात बेरी आहे, आणि स्ट्रॉबेरी बेरी नाही.

नळवाल्याने अंगठा दिला.

१० सप्टेंबर, मंगळवार

मुलाखत! संचालिकाबाई माझ्याच वयाच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. काट्यासमोर बसवलं, पाच वजनं तपासायला दिली. त्यातलं एक मुद्दाम चुकीचं ठेवलं होतं. मी दुसऱ्याच मोजणीत काढून बाजूला ठेवलं. बाईंची भुवई वर गेली.

"कळवू" म्हणाल्या.

येताना दोन जिने उतरल्यावर लक्षात आलं, लिफ्ट होती.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

कळवलं नाही.

पण ढगाने कमाल केली! मी लिहिलं, आकाशातला एखादा साधा पांढरा ढग पाचशे टनांच्या आसपास भरू शकतो, आणि तरी आपल्या डोक्यावर आरामात तरंगतो. वजनाच्या माणसाने वजनाचंच सांगितलं, म्हणून की काय, हजारभर लोकांनी बघितलं! बुधवारी टाकलेल्या ऑक्टोपसच्या तीन हृदयांना एवढं कोणी विचारलं नव्हतं. आता तीनशे चाळीस माणसं माझ्या मागे आहेत. मला तर सोसायटीच्या बैठकीत कोणी बोलू देत नाही!

१६ सप्टेंबर, सोमवार

दोन ओळींचं पत्र आलं. जागा भरली. आपल्या उत्साहाबद्दल आभार.

उत्साह! चोवीस वर्षांच्या कामाला उत्साह म्हणतात?

जेवले नाही. भाचीने ताट झाकून ठेवलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी मोठ्या लॅबने साइटवर एक फोटो टाकला. 'आमचा नवा वजनकक्ष, आमचे नवे सहकारी.' फोटोत चेहरा नाही. नुसता हात, आणि हातात शंभर ग्रॅमचं चकचकीत वजन. उघड्या बोटांत! चिमटा नाही, हातमोजा नाही! माझ्या डोळ्यांपुढे फटका आला.

मला राहवलं नाही. आणि खरं सांगू? वाटलं, बाईंच्या नजरेत भरेल. कळू दे त्यांना कोणाला नाकारलं ते. खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं – "प्रमाण वजन उघड्या हाताने धरलं आहे. बोटाच्या एका ठशानेही वजन बदलतं. हे वजन आता पुन्हा तपासल्याशिवाय वापरता येणार नाही. ज्यांना एवढं माहीत नाही त्यांच्याकडून तुम्ही प्रमाणपत्रं घेता का?"

शेवटचं वाक्य नको होतं. पण ते लिहिताना फार बरं वाटलं.

दुपारपर्यंत आठशे लोक! ढगवाले सगळे तिथे जमले. एका औषध कंपनीच्या माणसाने खाली विचारलं, "आमची वजनंही अशीच हाताळली का?"

भाची कॉलेजातून आली, वाचलं, आणि मटकन बसली. "मावशी! असं चारचौघांत? आधी त्यांना एकट्यांना लिहायचं ना! एवढा एकच नियम मी सांगायला विसरले!"

"खरं तेच लिहिलंय," मी म्हटलं.

"पण हा माणूस कोण आहे, बघितलंस का?" तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला.

अंगठा. नखाला मधोमध उभी चीर. जुन्या काट्याचं झाकण पडलं होतं, बारा वर्षांपूर्वी. पट्टी मी बांधली होती.

चिमटा!

१९ सप्टेंबर, गुरुवार

झाडांना पाणी घालणार होता म्हणे! माझ्याकडूनच जागेची बातमी घेतली आणि माझ्याच जागेवर जाऊन बसला! मला वेड लागायची पाळी आली. चिमटा मला देऊन गेला. म्हणून हाताने धरायचं का? दुकानात मिळत नाहीत?

फोन केला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"बाई, तुमची वाटच बघत होतो."

मी काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. मध्ये तो एवढंच म्हणाला, "घरी हिचं आजारपण वाढलंय. बसून भागेना. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली." मी म्हटलं, लाज वाटली तर फोटो कशाला काढलात?

"बाई, ते वजन..."

"मला एक शब्द ऐकायचा नाही! मला शिकवलंत आणि स्वतः..."

फोन ठेवला. मीच.

२० सप्टेंबर, शुक्रवार

माझं वाक्य पुसून टाकलं. उपयोग काय? लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवलेत. दाताच्या डॉक्टरनेसुद्धा! त्याने माझंच वाक्य मला पाठवलं, सोबत टाळ्या.

आजची माहिती टाकली नाही. खरं तर तयार होती. २०१९ पर्यंत जगातला एक किलो म्हणजे तळघरात काचेच्या झाकणांखाली ठेवलेला धातूचा एक तुकडा होता. शंभरेक वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या प्रतींमध्ये बोटाच्या ठशाएवढा फरक पडला. का पडला, ते कोणालाच नक्की सांगता आलं नाही.

बोटाच्या ठशाएवढा.

नाहीच टाकली.

२३ सप्टेंबर, सोमवार

संचालिकाबाईंचा फोन. खुद्द त्यांचा!

"तुमच्या त्या टिप्पणीनंतर दोन कंपन्यांनी काम थांबवलं. आम्हाला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्या गृहस्थांना कमी केलंय."

मी "अहो, ते फार चांगले..." म्हणायला गेले.

"लोकांना तुमचं नाव माहीत झालंय. तुम्ही आमच्याकडे आलात, तर विश्वास परत बसेल. पहिल्या तारखेपासून येता?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या म्हणाल्या, "विचार करा. उद्यापर्यंत."

२४ सप्टेंबर, मंगळवार

हो म्हटलं.

भाची म्हणाली, "तुला आनंद नाही झाला?" झालाय. का होऊ नये? जागा आधी माझीच होती. त्याने लपवलं, मी नाही. आणि चूक त्याची होती, सगळ्या जगाने पाहिली. वजन हाताने धरलं की धरलं! मी काय खोटं लिहिलं?

त्याला दोनदा फोन लावला. उचलला नाही.

भाचीचा नवा नियम: नवी नोकरी लागली की लगेच डांगोरा पिटायचा नाही. तरी साइटनेच पिटला. सगळ्यांना आपोआप कळवलं! नळवाल्याचा अंगठा पहिला.

२८ सप्टेंबर, शनिवार

चिमट्याच्या घरी जाऊन आले. दाराशीच उभी राहिले. त्याची बायको बाहेर आली, भिंत धरून. किती वाळली आहे! म्हणाली, "ते औषधं आणायला गेलेत." मग माझ्याकडे बघत राहिली. "तुमचं फार कौतुक करतात हो. अजूनही म्हणतात, बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही."

आणलेली फळं दिली आणि आले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

रुजू झाले. माझं टेबल म्हणजे त्याचंच टेबल.

खालचा खण अडकत होता. ओढून उघडला. आत फोटोतलं वजन. वर बोटांचे ठसे, सुकलेले. सवयीने त्याचाच चिमटा काढून उचललं. तळाला चिठ्ठी चिकटवलेली, त्याचं अक्षर, तारीख सतरा सप्टेंबर, फोटोच्या आदल्या दिवसाची:

'रद्द वजन. तपासणीत बाद. फक्त फोटोसाठी.'