पाठीतलं पाणी

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी तुमच्याच कामातलं बोलायचंय. अकोल्याच्या आपल्या लॅबमध्ये तुम्ही पेशंटच्या पाठीतल्या पाण्याची नळी वर्तमानपत्रापुढे धरायचात. नळीतून अक्षरं लख्ख दिसायची. मी म्हणायचे, "चांगलं आहे की!" तुम्ही डाफरायचात, "पेशी मोजल्याशिवाय चांगलं म्हणायचं नाही."

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, गेल्या वर्षी तुमचा जावई अचानक बरळायला लागला. शेजारी त्याच्यावर पाळत ठेवतात म्हणे, आणि मी त्यांना सामील! त्याच्या कंपनीत लेऑफ चालू होते, त्यामुळे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, टेन्शन. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी हा बिघडतच गेला आणि एक दिवस फिट येऊन पडला. मग हॉस्पिटलातली न्यूरॉलॉजिस्ट म्हणाली, पाठीतलं पाणी काढून बघू. पुण्याहून सासूबाई फोनवर रडायलाच लागल्या, "अगं, पाठीला सुई लावली की माणूस लुळा पडतो. माझ्या मुलाला हात लावू देऊ नकोस!" मी एकटी, हातात पेन, पुढ्यात संमतीचा कागद. खरंच लुळा पडला तर जन्मभर मलाच बोल लागणार. पण तुमचं ते डाफरणं आठवलं आणि मी सही ठोकली.

पाणी नितळ निघालं, बाबा. मला वाटलं, म्हणजे हे वेडच. संध्याकाळी डॉक्टर आली. पांढऱ्या पेशी वाढल्यात, प्रोटीनही वाढलंय, जंतू मात्र सापडत नाहीत. शरीरच मेंदूवर उलटलंय, सूज आहे, स्टिरॉइड्स देऊन बघू. मी तिला मिठीच मारली! ती बिचारी गोंधळली. नवऱ्याच्या मेंदूला सूज आणि बायको हसतेय. तिला काय सांगू, सूज उतरते तरी.

उतरली. वेळ लागला, पण उतरली. सासूबाई आता सगळ्यांना सांगतात, "मीच म्हटलं, करून टाका ती टेस्ट." म्हणू देत बापड्या.

काल सकाळी मी त्याच्याशी कडाकडा भांडले, भारताच्या तिकिटांवरून. त्याने माझा मुद्दा न् मुद्दा खोडून काढला, वर गेल्या दिवाळीतलं माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हे पत्र मी कुठे टाकणार, ते ड्रॉवरमध्येच राहील, म्हणून तुम्हाला सांगते. भांडण मीच उकरून काढलं होतं, तो पुरता परत आलाय का ते बघायला.