काहीही लावून पाण्यात उतरू नये

तीर्थरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? मागच्या पत्रात डाव्याबद्दल लिहिलं होतंत, या पत्रात गुडघ्यांचं नावच नाही. म्हणजे एकतर ते बरे आहेत, नाहीतर तुम्ही माझ्यावर इतक्या रागावलेल्या आहात की दुखणंसुद्धा मला सांगावंसं वाटत नाही. (दुसरंच असावं.) भावोजींचा खोकला थांबला असेल. मी बरी आहे. हे वाक्य मी दिवसभरात इतक्या जणांना सांगते की ते आता आपोआप बाहेर पडतं, तुम्ही त्याकडे फारसं लक्ष देऊ नका.

तुमचं पत्र मी जिन्यातच, उभ्याने वाचलं. गेल्या रविवारी मी येते म्हणाले आणि आले नाही. त्याच्या आधी येणार होते तेव्हा पाइप फुटला होता, आणि त्याच्याही आधी माझा पाय मुरगळला होता. तुम्ही लिहिलंत, ‘या वेळीही कारणच पाठवणार असशील तर पाठवू नकोस. भाऊ गेला तसं त्याचं घरही गेलं असं मी समजेन आणि पुन्हा बोलावणार नाही.’ वन्सं, तुम्ही बोलता तसं करता हे मला लग्नापासून माहीत आहे. म्हणून हे पत्र कारण म्हणून वाचू नका. जे झालं ते झालं तसं सांगते, मग काय ते ठरवा.

आधी लिपस्टिकचं सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रात रविवारपेक्षा जास्त जागा तिनेच खाल्ली आहे. तुमची लेक आमच्या पोहण्याच्या तलावावर आली, तिने मला पाहिलं आणि घरी येऊन तुम्हाला सांगितलं, ते खरं आहे. मी लावते. रोज लावते. हे होते तेव्हा लावत नव्हते आणि हे गेल्यावर लावायला लागले, हे तुमचं निरीक्षणही बरोबर आहे, आणि ते ऐकायला कसं वाटतं हेही मला कळतं. तुम्ही विचारलंत, आता कुणासाठी? लोकांसाठी. लोकांनी बघावं म्हणून नव्हे, लोकांनी विचारू नये म्हणून. हे गेल्यावर मी कामावर परतले तेव्हा येणारी प्रत्येक बाई मान कलती करून, आवाज खाली आणून विचारायची, ‘कशा आहात?’ तो आवाज तुम्हाला ठाऊक आहे. त्या आवाजात विचारलं की धडधाकट माणसालाही आपलं काहीतरी दुखतंय असं वाटायला लागतं. एकीला उत्तर देऊन डोळे पुसावेत तोवर दुसरी टॉवेल न्यायला येऊन मान कलती करायची. शेवटी हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात कुणीतरी विसरलेली एक लिपस्टिक होती ती मी लावली. (नवी होती, वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं. तुम्ही नाक मुरडलंत ते मला इथून दिसलं.) त्या दिवशी एकीनेही विचारलं नाही. टॉवेल द्या म्हणाल्या, किल्ली द्या म्हणाल्या, निघून गेल्या. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तेव्हापासून ती माझ्या तोंडावर ‘आत येऊ नये’ अशा पाटीसारखी आहे. ती शोभा नाही हो. पाटीच.

आता तलावावरचा गोंधळ. बायकांच्या वेळेला मी आतल्या दाराशी टेबल टाकून बसते हे तुम्हाला माहीत आहेच. टॉवेल, टोप्या, किल्ल्या, आणि मधल्या वेळात बायका विसरून गेलेली पुस्तकं. (पाणी लागून ती दुप्पट फुगलेली असतात, पण अक्षर तेच असतं. सध्या एक खुनाची गोष्ट वाचते आहे. तिची शेवटची पानं एकमेकांना चिकटलेली आहेत, त्यामुळे खुनी मोकळा फिरतो आहे.) आमच्या व्यवस्थापकांना सगळ्या जणी फिल्टरसाहेब म्हणतात, कारण त्यांना दुसरा विषय नाही. त्यांना तलावाच्या कडेच्या फरशीवर तेलकट गुलाबी रेघ दिसली. पुरुषांच्या वेळेनंतर ती नसते आणि बायकांच्या वेळेनंतर असते, असा त्यांनी शोध लावला आणि दुसऱ्या दिवशी पाटी लागली, ‘चेहऱ्यावर काहीही लावून पाण्यात उतरू नये.’ पाटीखाली माझं टेबल. टेबलावर कापसाचा डबा आणि खोबरेल तेलाची बाटली. साहेब म्हणाले, तुम्ही बघायचं, कुणी लावलंय आणि कुणी नाही, आणि लावलं असेल तर पुसून मगच सोडायचं. मी म्हटलं, साहेब, मला कसं कळणार? म्हणाले, बाईला कळतं. वन्सं, हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला एकदा आमच्या दाराशी बसवलं पाहिजे.

कारण मला काहीच कळत नाही. ज्या बाईच्या गालांवर मी कापूस फिरवला ती जिने चढून आल्यामुळे लाल झालेली निघाली. जिला ‘किती साधी’ म्हणून आत सोडली ती आमची बँकेतली, जिच्या तोंडावर तीन थर होते. ती पोहून थेट बँकेत जाते. मी तिला नंतर विचारलं, अगं, पण दिसत कसं नाही? म्हणाली, ‘मावशी, न दिसण्याचाच मेकअप आहे तो. त्याला जास्त वेळ लागतो.’ मग पोहायला येताना तरी कशाला, तर म्हणे, वाटेत माणसं दिसतात ना. एकदा काही न लावता कामावर गेली तर वरच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, ताप असेल तर घरी जा. दुसऱ्या दिवशी लावून गेली तर तेच साहेब म्हणाले, आज कुठे कार्यक्रम वाटतं? तेव्हापासून तिने या मधल्या, कुणालाच न दिसणाऱ्या रंगाचा शोध लावला आणि रोजची अर्धी झोप त्याला दिली. ऐकूनच मला जांभई आली.

शॉवरच्या रांगेत तर रोज सभा भरायला लागली. एक म्हणे, व्यायाम करताना लावलं की त्वचेची छिद्रं बुजतात. दुसरी म्हणे, छिद्रं माझी आहेत, बुजवीन नाहीतर खिडक्या लावून घेईन. तिसरी म्हणे, धावायला जाताना मी काजळ घालतेच, नाहीतर आरशात मला माझा धाकटा भाऊ दिसतो. पोहायला शिकवणारी बाई, जिला सगळ्या शिट्टी म्हणतात, ती म्हणे, मला सगळ्यांची फक्त डोकी दिसतात, तोंडाचं काय ते घरी ठरवा आणि पाण्यात पडा. मला विचाराल तर प्रत्येकीचं बरोबर होतं. पण मला कुणी विचारत नव्हतं, आणि माझ्या हातात कापूस होता. कापूस हातात असलेल्या माणसाला मत नसावं, नाहीतर काम होत नाही.

मग दातांची डॉक्टर आली. शांत बाई. टोपी घातलेली, आणि टोपीखाली दोन भुवया, इतक्या रेखीव, इतक्या काळ्याभोर की माझ्यासारखीलाही कळावं. मी मनात म्हटलं, सापडली. (खुनाच्या गोष्टीचा परिणाम.) तिला स्टुलावर बसवलं आणि कापूस फिरवला. काही नाही. तेल घेतलं. काही नाही. वॉटरप्रूफ असणार म्हणून जोर लावला. ती बाई डोळे मिटून स्वस्थ बसलेली. मागे रांग वाढत होती. मी विचारलं, दुखत नाही ना? ती म्हणाली, ‘थोडं. पण तुमचं चालू द्या, मीसुद्धा रोज हेच विचारते.’ दुसरी भुवई झाली. कपाळ टोमॅटोसारखं लाल झालं, पण भुवया जागच्या जागी. शेवटी मीच दमून खाली बसले आणि विचारलं, बाई, हे कुठलं हो लावता? तर म्हणाली, ‘लावत नाही. गोंदवून घेतल्यात. रोज सकाळी काढायचा कंटाळा यायचा.’ मग आधी का नाही बोललात? म्हणाली, ‘मला वाटलं, तलावाने कपाळाच्या मालिशची नवी सोय केलीय. फार बरं वाटत होतं.’

रांगेतल्या हसून हसून भिंतीला टेकल्या. पण कपाळ संध्याकाळपर्यंत सुजलं, भुवया वर चढल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पेशंटना डॉक्टरीणबाई आपले दात बघून दचकल्या आहेत असं वाटून त्यातले दोघे घाबरून उठून गेले. तिने तक्रार केली नाही, नुसतं हसत सांगितलं. फिल्टरसाहेबांनी ते ऐकलं. ते तरातरा माझ्या टेबलापाशी आले. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘दुसऱ्यांची कातडी सोलता आणि स्वतः लाली लावून बसता? नियम तो नियम. पुसा.’ मी म्हटलं, साहेब, मी पाण्यात कुठे उतरते? ते म्हणाले, उदाहरण म्हणून. ही नोकरी गेली तर दिवसभर घरात बसायचं, आणि त्या घरात काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. मी कापूस घेतला आणि पुसलं. तो शनिवार होता.

पुढचं तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. पहिली बाई आली, थबकली, तिने मान कलती केली. ‘मावशी, बरं नाही का?’ दुसरीने खुर्ची आणली, मी आधीच खुर्चीवर बसलेली असताना. तिसरीने पाणी दिलं. बँकेतली म्हणाली, ओठ पांढरे पडलेत बघा. (पांढरे नव्हते. माझे होते.) मी सांगत होते की काही झालेलं नाही, नुसतं पुसलंय, पण काही झालेलं नाही असं म्हणणारी माणसंच पटकन कोसळतात असं एकीचं मत पडलं. मग कुणीतरी तो आवाज काढला, ‘अजून त्रास होतो ना हो, त्यांच्या आठवणीने?’ आणि वन्सं, माझा चेहरा खरंच पडला. तो पडलेला बघून शिट्टीने शिट्टी वाजवली. बुडणाऱ्यासाठी वाजवतात ती. पाण्यातल्या सगळ्या बाहेर आल्या. मला फरशीवर आडवी केली, पाय वर उचलून धरले, आणि टोप्या घातलेली ओली डोकी माझ्यावर गोल वाकून पाणी गाळत राहिली. दातांच्या डॉक्टरने नाडी बघितली. सक्त विश्रांती घ्या म्हणाली, प्रवास तर अजिबात नको म्हणाली. फिल्टरसाहेब घाबरून तलाव रिकामा का झाला विचारत होते. मला घरी पोचवून आठवडाभराची रजा दिली.

तर म्हणून मी रविवारी आले नाही. डॉक्टरांचाच हुकूम होता.

काल साहेबांचा फोन आला. सोमवारी या, आणि येताना लावून या, नाहीतर बायका पोहायच्या सोडून तुमच्याभोवती जमतात. पाटी तशीच राहणार आहे, फक्त मला त्यातून वगळलं आहे. बँकेतली तीन थरांवर ठाम आहे. डॉक्टरीणबाई पुन्हा मालिश कधी ठेवताय म्हणून विचारतात. फरशीवरची रेघही आहे. परवा साहेबांना ती पुरुषांच्या वेळेनंतरही दिसली, त्याबद्दल ते काही बोलत नाहीत.

तब्येतीला जपा. भावोजींना नमस्कार सांगा.

तुमची,
भावजय

ता. क. प्रवास नको असं दातांच्या डॉक्टरने म्हटलं नव्हतं. तिने नाडी बघितली, ती ठीक आहे म्हणाली, आणि मी आडवीच आहे तर म्हणून माझं तोंड उघडून एक दाढ बघितली. ती काढावी लागेल. बाकीचं वाक्य माझं आहे. पाइपही फुटला नव्हता. पाय मुरगळला होता, पण तो दुसऱ्या दिवशी बरा झाला.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. मी रविवारी आले होते, वन्सं. पहिली बस धरून आले. तुमच्या गल्लीत वळले तर तुम्ही बाल्कनीत उभ्या होतात. नुकतं तोंड धुतलेलं, केस मागे सारलेले, खांद्यावर टॉवेल. तुम्हाला कुणी सांगितलं आहे की नाही मला माहीत नाही, पण सकाळी, काही न लावता, तुम्ही हुबेहूब ह्यांच्यासारख्या दिसता. तेच ओठ, तीच हनुवटी, आणि रस्त्यावर कोण येतंय ते बघायची तीच डोळे बारीक करायची सवय. मी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. तुम्ही आत जाल, मग जाऊन बेल वाजवीन, असं म्हटलं. पण दार उघडायलाही तुम्हीच येणार होतात. मी परतीची बस धरली. याआधीच्या वेळी तर बसपर्यंतही पोचले नव्हते. तुम्ही भावाचं घर गेलं म्हणता. मला तर ह्यांनाच समोर बघून ‘नमस्कार’ म्हणावं लागलं असतं आणि मग चहाला बसावं लागलं असतं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. या रविवारी मी नक्की येते. कारण पाठवणार नाही, स्वतःच येते. फक्त एक मागणं आहे, आणि मला माहीत आहे की तुम्ही आयुष्यात कधी हे केलं नाहीत आणि माझ्यावर याच गोष्टीवरून रागावलेल्या आहात. दार उघडायच्या आधी ओठांना थोडी लाली लावा. लेकीची मागून घ्या. रंग कुठलाही चालेल. ह्यांनी कुठलाच लावला नव्हता.