इस्त्री केलेला बिल्ला

डोंबिवली, शनिवार, जून १९८७

मूर्ख, मूर्ख, मूर्ख! आणि तरी मघापासून हसतेच आहे.

गेले दोन आठवडे हे आमच्या छोट्या सोनूला उचलून घेत नव्हते. ती हात पसरायची, हे लांबूनच टाळ्या वाजवायचे. माझं काही चुकलं का? आज शेवटी मी भांडलेच, तेव्हा हे बोलले. किरणं किती लागली ते मोजायला यांच्या अणुकेंद्रात सगळ्यांना एक बिल्ला लावतात. यांच्या बिल्ल्याचा मागच्या महिन्याचा आकडा भलताच जास्त आलाय.

"माझ्या अंगावरून दुसऱ्याला किरणं लागत नाहीत, माहीत आहे गं. पण रशियातल्या त्या अणुभट्टीच्या स्फोटाचं वाचल्यापासून तिला उचलायचा धीर होत नाही."

मग एकदम आठवलं. बिल्ला! मागच्याच महिन्यात एकदा तो शर्टाच्या खिशात राहून घरी आला होता. मी शर्ट धुतला, वर इस्त्रीही फिरवली. नंतर हाताला लागला, तसा पुसून गुपचूप परत ठेवला. ओरडतील म्हणून बोलले नाही.

"इस्त्री? बिल्ल्यावर?" हे बघतच राहिले. "अगं, आतली फिल्म उष्णतेने काळी पडते! बरोबरच्या कोणाचाच आकडा वाढला नाही, माझं रक्तही ठीक आलं, म्हणून डोकं फोडत होतो!" आणि इतके हसले की शेजारच्या काकू डोकावल्या.

सोमवारी साहेबांना लेखी द्यायचंय म्हणे, 'बायकोने इस्त्री केली.' द्या, खुशाल द्या! सोनू यांच्या खांद्यावर झोपली आहे, आणि ताट गार झालं तरी हे तिला खाली ठेवायला तयार नाहीत.